धातू : घडी घालणे

लोको शेडच्या मागं आमचं परटाचं घर.
कोळशाचे शेवटचे दिवस होते भुसावळात,
दोरीवर पांढरं काही टाकायचं
तर आधी वाऱ्याची दिशा बघायची.
शनिवारी चर्चचे झगे यायचे, फादर लोबोंचे.
खळ माझी, इस्त्री बापाची,
घडी मायची.
दुसऱ्या कुणी घातली तर ती मोडायची
आणि पुन्हा घालायची,
न बोलता.

फादर मूळचे गोव्याचे.
मराठी बोलायचे माशातले काटे काढत खावं तशी.
एकदा झगा उचलून म्हणाले,
कस्तुराबाई, ही घडी फार जुनी आहे.
माय पारोळ्याची. लगेच म्हणाली,
नही फादर, कालनीच शे ती.

मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं.
प्लिकारे, म्हणाले. लॅटिन. घडी घालणे.
राज्य मोडलं, माणसं पांगली,
ज्याच्या त्याच्या गाठोड्यात हा धातू गेला.
दर्यावरच्यांना बंदर दिसलं
की ते शिडाची घडी घालायचे,
म्हणून त्यांच्याकडे घडी घालणे म्हणजे पोचणे.
स्पेनमध्ये येगार.
पोर्तुगालात शेगार.

शेगाव? मी विचारलं.
नागपूर पॅसेंजरनं?
फादर इतके हसले
की झग्याच्या बाहीनं चष्मा पुसला,
नुकत्याच इस्त्री केलेल्या.

आणि पार तिकडं, रुमानियाच्या डोंगरात,
शीड कुठलं?
तंबू.
पहाटे तंबूची घडी घातली की चालू लागायचं.
म्हणून तिथं प्लेका म्हणजे निघणे.
असं म्हणतात, ते म्हणाले,
शपथेवर कुणी सांगत नाही.
फ्रेंच मात्र अजून नुसती घडीच घालतात,
तुझ्या आईसारखी.

मी पळत आत गेलो.
माय, एकच शब्द आहे,
त्यानं कुणी येतं आणि कुणी जातं!
ती खळीचं पातेलं खरवडत होती.
त्यामा काय, म्हणाली,
तुन्हा मामा परवा गया, तवय काय बोलना?
येस, बोलना.
नि गया.

दोन वर्षांनी फादरची बदली निघाली.
सात झगे, एक पत्र्याची ट्रंक.
मायनं तळाशी वर्तमानपत्र अंथरलं,
प्रत्येक झगा छातीला लावून दुमडला
आणि झाकण बसलं तेव्हा
बोटभरही जागा उरली नव्हती.
फलाटावर ते शब्द शोधत राहिले,
इतक्या भाषा येणारा माणूस.
गाडी हलल्यावर कोंकणीत म्हणाले, येतां.
माय म्हणाली, या.

आता मी बेडरोलच्या लाँड्रीत सुपरवायझर.
घडी मशीन घालतं, माणसापेक्षा नीट,
फक्त काठाकडे बघत नाही.
खाकी पाकिटात दोन चादरी, एक अभ्रा, एक नॅपकिन.
परत येतात त्या बोळे होऊन :
चहा, कुंकू, लोणच्याचं तेल,
कुणाच्या तरी पोराची रात्र.
त्यातच एखादं पाकीट येतं,
फाडलेलं,
पण चादरीची घडी न मोडलेली.
परवाचं, बी-दोन, एकोणचाळीस नंबर, साइड लोअर.
कुणीतरी रात्रभर
खिडकीला डोकं लावून बसलं असेल.
पोचायचं होतं त्याला,
की नुकतंच निघालं होतं कुठून?
चादर सांगत नाही.

नियम असा, की न वापरलेलीसुद्धा धुवायची.
मी ती उलगडतो, झटकतो,
काठाला काठ लावतो,
हनुवटीखाली धरून अर्धी करतो, मग पाव.
साहेब, काय शोधताय?
टबापाशी उभा राहून पोरगा विचारतो.
काही नाही, म्हणतो.
घे, टाक.